घर देताना हवा मोजून द्या

आज फोंड्यात तळमजल्यावरचा एक नवा फ्लॅट बघायला गेलो होतो. खिडक्या घट्ट बंद होणाऱ्या, खोलीखोलीत एसी. विचारलं, रेडॉनचं काय? बिल्डरचा माणूस म्हणतो, "दादा, गॅसची लाइन येतेच आहे." घरी आलो तरी डोकं शांत होत नाही.

रेडॉन म्हणजे जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सारी वायू. रंग नाही, वास नाही. जोत्याच्या फटींतून, पायपांच्या कडेनं आत शिरतो आणि बंद खोलीत साठतो. कित्येक देशांत फुप्फुसाच्या कॅन्सरला सिगारेटच्या खालोखाल हाच कारण.

माझी डिचोलीची मावशी याच रोगानं गेली. तपकीरसुद्धा कधी ओढली नाही तिनं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "घरात विडी कोण ओढतं?" काकांनी मान खाली घातली. सुपारीही न खाणारा माणूस!

तिला रेडॉननंच झालं असं मी म्हणत नाही. चुलीचा धूर असेल, आणखी काही असेल. पण त्या घरातली हवा कुणी मोजली का?

अमेरिकेत १९८४ साली स्टॅनली वॉट्रस नावाच्या माणसामुळे अणुवीज केंद्रातली यंत्रं वाजायला लागली. किरणोत्सार केंद्रातला नव्हता, त्याच्या पेनसिल्व्हेनियातल्या घरातला होता. १९८८ मध्ये तिथे रेडॉनवर कायदाच झाला. बेकरेल हे किरणोत्सार मोजायचं एकक; ब्रिटनमध्ये घरातल्या हवेत रेडॉन घनमीटरला २०० बेकरेलच्या वर गेला की उपाय करायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये १०० ची पातळी सुचवली, ती जमत नसेल तर ३०० च्या वर नकोच. आणि उपाय तरी काय? लादीखालून एक पाइप, त्याला पंखा, वायू थेट छपरावर. बस्स.

आपली जुनी कौलारू घरं हवेशीर, तिथे एवढा साठायचा नाही, मान्य. पण मावशीचं घरही कौलारूच होतं. खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ आत येते म्हणून बिचारी दिवसभर खिडक्या लावून बसायची. भर उन्हाळ्यात. पदरानं वारा घेत.

नळाला पाणी नाही, रस्त्यांचे हाल, हे आधी बघा म्हणाल. बघाच. पण ऑक्युपन्सी, म्हणजे राहायला जायचा दाखला, देताना तळमजल्याची हवा मोजायला कितीसा खर्च येतो? अंगणवाड्या आणि शाळांपासून सुरुवात करा. सोमवारी पंचायतीत अर्ज देतोय. सही करणाऱ्यांनी खाली नाव लिहा.