तत्त्वज्ञानाच्या पदवीला गणिताची अट? खुलासा

‘बारावीपर्यंत तत्त्वज्ञान आणि गणित घेतलं नसेल तर तत्त्वज्ञानाच्या पदवीला प्रवेश मिळत नाही’ असा मेसेज फिरतोय. तो सरसकट खरा नाही. ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञान, राजकारण आणि अर्थशास्त्र या एकत्रित पदवीलासुद्धा गणित उपयोगी मानतात, सक्तीचं नाही. गुणांची अट मात्र कडक असते.

गणिताची धास्ती बहुधा तर्कशास्त्रामुळे पसरली असावी. ते शिकावं लागतं, पण सुरुवात अशी होते: सगळे कावळे काळे, हा पक्षी काळा, म्हणून हा कावळा. यात नेमकं कुठे चुकलं, हे शोधायला बीजगणित लागत नाही. बारकाईने वाचायची आणि मुद्देसूद लिहायची सवय हवी. प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे, तेव्हा त्यांचं प्रवेशपत्रक स्वतः वाचा. मेसेजवर विसंबून अर्ज सोडू नका.