घामाच्या गावात लोकर

मालवणच्या बाजारात एखादा माणूस पायात मोजे घालून दिसला, की लोक त्याला विचारतात, "कधी इलास मुंबयसून?" इथला माणूस मोजे घालत नाही. शाळेत सक्तीने घातले तेवढेच. दहावीचा शेवटचा पेपर झाला की ते माळ्यावर जातात ते जातातच. आठ महिने घाम आणि चार महिने पाऊस, पायाला हवा नको का लागायला? अख्ख्या जिल्ह्यात मोजे घालावेत अशी जागा म्हणजे आंबोली, आणि तिथेही लोक धबधब्याखाली भिजायलाच जातात.

अशा गावात मी लोकरीचे मोजे विणते. भाचा शिकायला जर्मनीला गेला हे निमित्त. खरं सांगायचं तर तो गेला नसता तरी मी कुणाला तरी पाठवलंच असतं.

लोकरीचा एक गुण विणकामाच्या पुस्तकांत फार कौतुकाने सांगतात. ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका दमटपणा पिऊन घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. लिहिणाऱ्याने जून महिन्यात आमच्या पडवीत बसून चार ओळी विणून दाखवाव्यात. धातूच्या सुया घामाने निसटतात, बांबूच्या चिकटतात. पंखा लावला तर गुंडा खाटेखाली पळतो, आणि खाटेखाली मांजर असतं.

त्यात मोजा म्हणजे पाच सुयांचा कारभार. चार सुयांवर मिळून चौसष्ट टाके, पाचवीने विणायचं. नुसती नळी विणायला डोकं लागत नाही, गप्पा मारता मारता होते. खरी परीक्षा टाचेची. टाच वळवताना ओळ पुरी करायची नसते. ठरल्या टाक्यापर्यंत जायचं, अर्ध्यातून परतायचं, पुन्हा थोडं पुढे जाऊन परतायचं. अशाने सरळ नळीला खोलगट वाटी पडते. त्या वेळी घरात कोणी बोलू नये असा माझा नियम आहे. तो घरच्यांनी मान्य केलाय, मासेवालीने नाही. मी 'एकोणीस, वीस, एकवीस' करत असतानाच दारातून हाक येते, "वैनी, सरंगो घेतास? साडेसातशे!" पुढचा टाका बावीस की साडेसातशे हे मग देवालाच ठाऊक. शिवाय सरंगाही घ्यावाच लागतो, कारण ताजा असतो.

पण हे सगळं सोसता येतं. सोसत नाही ती रंगाची निवड.

कुडाळच्या ज्या दुकानात मी जाते, तिथे लोकर दोनच कारणांसाठी खपते: बारसं आणि तोरण. बारशाच्या टोपड्या-मोज्यांसाठी फिकट गुलाबी, फिकट निळा, लिंबू आणि पांढरा. तोरणासाठी भडक लाल, झेंडू, राणी आणि पोपटी. बाळ आणि दाराची चौकट सोडून तिसऱ्या कुणाला लोकर लागत असेल हे दुकानदाराला पटत नाही. मी दिसले की तो हसून विचारतो, "कुणाकडे गोड बातमी?"

म्हणून मोज्यांची लोकर मागवावी लागते. ती वेगळीच असते: साधारण पंचाहत्तर टक्के लोकर, पंचवीस टक्के नायलॉन, म्हणजे टाच लवकर फाटत नाही. शंभर ग्रॅमच्या लडीत चारशेएक मीटर धागा येतो आणि एक जोडी होते. मागवायची फोनवर फोटो बघून. फोनवर जो सुंदर मातकट गुलाबी होता, तो घरी आल्यावर काल उरलेल्या फाटलेल्या सोलकढीसारखा दिसला. परत पाठवायचा तर पुन्हा कुडाळ गाठा, त्यापेक्षा घरच्यांना विचारावं म्हटलं.

घरच्यांना रंग विचारू नये. आमच्या ह्यांच्या जगात दोनच रंग आहेत, निळा आणि 'निळ्यासारखा'. भाच्याने फोनवर सांगितलं, "मावशी, काहीतरी न्यूट्रल." म्हणून राखाडी काढला, तर सासूबाई कडाडल्या, "झिलाच्या पायात राख घालतंस?" मोहरी रंग दाखवला. त्यांनी चष्मा पुसून निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्यो रंग मी लंगोटात बघलंय." त्यानंतर मलाही तो लंगोटातलाच दिसायला लागला. लडी अजून कपाटात आहे.

दोन रंगांची नक्षी विणायची तर एक युक्ती आहे: दोन्ही लड्या शेजारी ठेवून काळापांढरा फोटो काढायचा. फोटोत दोन्ही सारख्याच करड्या दिसल्या तर नक्षी उठून दिसणार नाही, मग लाल आणि हिरवा एरवी कितीही भांडोत. मी मोठ्या उत्साहाने सासूबाईंना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "बघ, धुवच्या आधीच रंग उडालो."

रंगीबेरंगी लडीचा मोह तर पडूच नये. लडीत ती मोरासारखी दिसते. मोज्याचा घेर लहान, त्यामुळे कधीकधी प्रत्येक फेरीत तोच रंग त्याच जागी येऊन साचतो आणि घोट्यावर जांभळा डाग तयार होतो. हे म्हणाले, "पायाला लागलं वाटतं त्याच्या." आणि लॉट नंबरची गंमत वेगळीच. शेड एकच, पण रंगवण्याचा घाणा वेगळा असेल तर उजवा आणि डावा पाय सावत्र भाऊ दिसतात. लोकर मागवते त्या दुकानदाराने फोनवर शपथेवर सांगितलेला 'तोच लॉट' तो नव्हता, हे दुसऱ्या मोज्याचा घोटा आला तेव्हा उजेडात दिसलं.

रंग कसे निवडावेत हे सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी शिकवावं. दशावतारी गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण 120. आणि एकही रंग दुसऱ्याला खात नाही. त्यांना सासूबाई नसाव्यात.

मोज्याचा चवडा शिवताना जो टाका घालतात त्याला लॉर्ड किचनरचं नाव आहे. हा गृहस्थ 1902 ते 1909 हिंदुस्थानचा सरसेनापती होता. तो टाका घालताना मला त्याच्या सैनिकांची फार दया येते.

मोज्यांना कंटाळून मी लेसची शाल विणायला घेतली. लेसचं सूत्र सोपं: सुईवर धागा घेऊन एक भोक वाढवायचं, शेजारी दोन टाके एकत्र विणून एक टाका कमी करायचा. रंग फिका आणि एकसारखा हवा, नाहीतर जाळी दिसतच नाही. मी हस्तिदंती घेतला. शेजारचे काका रापणीवर जातात आणि दुपारी अंगणात जाळं दुरुस्त करत बसतात. त्यांनी माझी जाळी बोटांवर ताणली, उजेडात धरली, दोन-तीन भोकांतून करंगळी घातली. मी त्यांना सांगितलं, की स्कॉटलंडपलीकडच्या शेटलंड बेटांवर अशी शाल विणतात की ती अंगठीतून आरपार जाते. काका म्हणाले, "जायत. पण ह्येत बांगडो रवाचो नाय. तारली पण सुटतली." जाणकाराचं मत म्हणून मी ते ऐकून घेतलं.

विणून झालं की लेस ओली करून, ताणून, टाचण्या टोचून वाळवावी लागते, तेव्हा कुठे नक्षी उमलते. आषाढात मालवणात काहीही वाळत नाही. पाहुण्यांची गादी टाचण्यांनी भरून गेली आणि शाल दमट ती दमटच. शेवटी सासूबाईंनी ती सुक्या मासळीच्या डब्यांच्या खोलीत पंख्याखाली नेली, कारण घरात तेवढीच खोली कोरडी होती. भाच्याने शाल पोचल्याचा निरोप पाठवला, त्यात खाली लिहिलं होतं, "घराची आठवण आली."

आता सासूबाई मुंबईला निघाल्यात, नातवाने एसी डब्याचं तिकीट काढलंय. परवा जेवताना म्हणाल्या, "माका पण एक जोडी कर. रंग तुका आवडात तो घाल." मी ताट सारून शेडकार्ड आणलं. काळा नको, निळा पोरांचा, हिरवा डोळ्यांत खुपतो, लाल ह्या वयात शोभत नाही, पांढरा मळतो. उरला फिकट गुलाबी.

तो तर कुडाळलाच मिळतो. दुकानदाराने हसतच गुंडे काढले आणि विचारलं, "बाळ कितीचं?"

"82 वर्षांचं."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मग दोन गुंडे जास्त लागतले."