आधी पाण्यात पाय घालता येऊ दे, मग लायटिंगचं बघू

आज शाळेच्या ग्रुपवर एकानं एआयनं बनवलेलं चित्र टाकलं. कृष्णा निळीशार, काठाला कारंजी, रंगीत दिवे, बाकांवर कॉफी पीत बसलेली माणसं. मागं आयर्विन पूल, तोही धड आयर्विनसारखा नाही. खाली ओळ, 'अशी पाहिजे आपली सांगली!' आणि त्याखाली अंगठेच अंगठे. एरवी मीही एक अंगठा टेकवून गप्प बसलो असतो. पण सकाळीच लेकीला घेऊन घाटावर गेलो होतो. पायऱ्या उतरून पोरगी पाण्यात पाय घालणार, तेवढ्यात मी तिला दंडाला धरून मागं ओढली. काळपट पाणी, कडेला फेस आणि तो वास. शहराचं सांडपाणी कृष्णेत आणून सोडणारा शेरीनाला ज्यांना माहीत आहे त्यांना वासाचं वर्णन करून सांगायला नको.

याच पायऱ्यांवरून तात्यांनी मला पाण्यात ढकललं होतं. मे महिना. पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा, झाकणाला डाख दिलेला, सुतळीनं करकचून बांधलेला. नाकातोंडात पाणी गेलं, मी बोंब ठोकली. तात्या पायरीवर बसून निवांत तंबाखू मळत होते. म्हणाले, "पाणी प्यालास व्हय? पी की. कृष्णामाईचं हाय, काय होत न्हाई."

काय होत न्हाई! आज हे वाक्य कोण म्हणेल आपल्या पोराला? सांगा ना.

शेरीनाल्याच्या बातम्या आपण वाचतोय ते अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून. ते पाणी उपसून धुळगावला न्यायचं, शुद्ध करून शेतीला द्यायचं, ही योजनाही ऐकून ऐकून पाठ झालीय. मधेच कधीतरी मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो, दोन दिवस पेपरात फोटो येतात. एकजण साखर कारखान्यांच्या मळीकडं बोट दाखवतो, दुसरा सांडपाण्याकडं. माशांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आणि आपल्याला काय पाहिजे? कारंजी!

आपल्या गावाची एक गंमत बघा. पावसाळ्यात पानपट्टीपासून गणपतीच्या देवळापर्यंत सगळी सांगली एकच विचारते, आयर्विनला किती फूट झालं? कोयनेतून किती सोडलं? चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, शेंबडं पोरही सांगेल. पाणी किती आलं ते आपल्याला इंचात माहीत असतं. त्या पाण्यात काय आलं, हे उरलेल्या आठ महिन्यांत एक माणूस विचारत नाही. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या गावभागातल्या, म्हणजे जुन्या सांगलीतल्या घरात माळ्यापर्यंत चिखल होता. ती कारंजी, ते दिवे कुठल्या फुटावर बसवणार आहात, तेही त्या चित्रात दाखवायचं होतं.

मगरी आहेत, मान्य. भिलवडी, औदुंबराकडं माणसं धसका घेऊनच पाण्यात उतरतात. पूर्वीही पोरं बुडायची, तेही खरं. आणि म्हाताऱ्या माणसांना संध्याकाळी फिरायला उजेड हवा, त्याला माझी ना नाही. लावा चार दिवे.

पण घाटाला पायऱ्या असतात त्या खाली उतरायला. पाठमोरं उभं राहून सेल्फी काढायला गच्चीसुद्धा चालते. त्या मे महिन्याच्या शेवटाला माझा डबा सुटला. सुटला म्हणजे तात्यांनीच गुपचूप सुतळी सैल केली होती, मला पत्ताच नाही. डबा एकीकडं, मी एकीकडं, आणि मी पोहत होतो! पुढच्या उन्हाळ्यात सांगलवाडीचा काठ गाठला. तिथं कुणाच्या तरी मळ्यातली काकडी चोरून खाल्ली, कृष्णेच्याच पाण्यात धुऊन. तात्या परत निघताना रोज एक ओंजळ प्यायचे, एक डोक्यावर शिंपडायचे, मग कपडे घालायचे.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. ग्रुपवरचा तो मित्र माझ्याच बाकावरचा, त्याच घाटावर माझ्या डोक्यावर मुटके मारणारा. त्यालाही ती नदीच परत पाहिजे असणार, चित्रात निळी का होईना. माझं भांडण त्याच्याशी नाही. नाला आधी आणि दिवे नंतर, एवढं ज्यांना कळत नाही त्यांच्याशी आहे. निवडणुकीला मत मागायला येतील तेव्हा रस्त्याचं, गटारीचं सगळे विचारतात. यावेळी एवढं एकच विचारा, साहेब, तुमच्या नातवाला घाटावर पोहायला पाठवाल का?

आणि आता कमेंटमध्ये "तू पुण्यात बसून शहाणपण शिकवू नकोस" असं लिहायला जे हात शिवशिवतायत त्यांना: होय, पुण्यात राहतो. मुठेचं काय झालंय ते रोज पुलावरून बघतो, म्हणूनच बोलतोय. आणि मतदान माझं अजून गावभागातच आहे. दर वेळी एसटी धरून येतो.