यादी भरली आहे

इंजिनातलं मला काही कळत नाही. बॉनेट उघडलं की मी गंभीर चेहऱ्याने आत बघतो, एखाद्या नळीला बोट लावतो आणि ‘हं’ म्हणतो. इंजिन, क्लच मेकॅनिक तपासून देतोच. पण रोज गाडीत बसल्यावर फोन जोडला जाणार की नाही, हे कोण बघणार? म्हणून सेकंडहँड गाडी मी ह्याच एका निकषावर निवडायला निघालो.

जाहिरातीत ‘ब्लूटूथ आहे’ म्हणजे काहीही असू शकतं. कित्येक जुन्या गाड्यांत ते फक्त कॉलपुरतं असतं. गाणं लावलं की ते फोनमधूनच वाजतं, गाडी ढिम्म. फोनमधले नकाशे, गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारे अँड्रॉइड ऑटो आणि (आयफोनसाठी) कारप्ले ह्या नावांनी २०१४ साली जाहीर झाले, त्यामुळे त्याआधीच्या गाडीत कोणी ‘कंपनी फिटेड’ म्हणालं की मी सरळ पुढची जाहिरात बघतो.

ही गाडी बरी वाटली. मालकाने स्क्रीन सुरू केली, मी फोन जोडायला गेलो, तर उत्तर आलं: यादी भरली आहे, एक उपकरण काढा.

मालकांनी यादी वाचली. “हा माझा. हा हिचा. हा मुलीचा. हा जुना फोन. आणि हे भाऊजी.”

“जुना काढा की.”

“तो मुलगा वापरतो, गेमला.”

“मग भाऊजी?”

वरच्या गॅलरीतून वहिनींचा आवाज आला, “भाऊजींना काढायचं नाही हं!”

मालक हळूच म्हणाले, “फॅमिली ग्रुपमधून एकदा चुकून काढले गेले होते. अजून नीट बोलत नाहीत.”

“पण गाडीतून काढलेलं त्यांना कळणार कसं?”

“त्यांना कळतं.”

“अहो, तुम्ही गाडी विकताय ना?”

“विकल्यावर बघू. आत्ता गाडी आमची आहे.”

ह्यावर काय बोलणार? शेवटी त्यांनी भाऊजींनाच फोन लावला, तोही गाडीतूनच. चारही दारांतून भाऊजी बोलू लागले. “कोण माणूस आहे? इंजिन बघितलं का त्याने?” नाही, असं कळल्यावर म्हणाले, “मग त्यांना रेडिओ घ्यायला सांगा, स्वस्त पडेल.” मी तिथेच बसलो होतो. मालक माझ्याकडे बघून हसले, जणू माझंच कौतुक चाललंय. बऱ्याच चर्चेनंतर परवानगी मिळाली: “काढा, पण त्यांचं झालं की मला परत जोडा.” आता परत जोडायचं तर भाऊजींना फोन घेऊन जातीने यावं लागणार, हे सांगायची कोणाची हिंमत झाली नाही.

अँड्रॉइड ऑटो तरीही सुरू होईना, कारण त्यासाठी वायर लागत होती. त्यांनी आणून दिलेल्या वायरीत नुसती वीज वाहत होती. स्वस्त वायरींत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. “चार्ज होतोय म्हणजे कनेक्ट झालाच की,” मालक म्हणाले, आणि मग माझा फोन हातात घेऊन उलटसुलट बघत, “प्रॉब्लेम ह्याच्यात आहे.” हे मात्र लागलं. फोन नवाकोरा आहे माझा.

राग खरं तर त्यांच्यावर नाही. गाडी पंधरा वर्षं चालते, फोन तीन-चार वर्षांत बदलतो, आणि गाडीतली स्क्रीन कंपनीने एकदा बसवली की पुढे तिचं काय झालं, हे कोणी विचारत नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी बंद झालं तेव्हा कितीतरी गाड्यांमधली अपघातात आपोआप मदत बोलावणारी सोय मुकी झाली. गाड्या धडधाकट होत्या. जुन्या गाडीत आधीच्या मालकाची फोनबुकं, घराचे पत्ते पडून असतात ते वेगळंच. गाडीच्या ॲपमधल्या त्याच्या खात्यातून गाडी काढली नाही, तर आपण गाडी कुठे लावलीय हेही त्याला घरबसल्या दिसू शकतं. मालकांना म्हटलं, सगळं फॅक्टरी रीसेट करून द्याल का? त्यांनी गॅलरीकडे बघितलं.

गाडी घेतली नाही. काल त्यांचा मेसेज आला: भाऊजी विचारतायत, तुमचं नाव यादीत अजून दिसतंय, काढू का?

उत्तर दिलेलं नाही. राहू दे.