मंगळावरची शाब्दिक उदाहरणं

आज आमच्या वाचन गटात एका गृहस्थांनी अँडी विअरच्या 'द मार्शियन'चा निकाल दोन मिनिटांत लावला. "ही कादंबरी नाही हो, शाब्दिक उदाहरणांचं पुस्तक आहे. एका माणसाकडे इतके बटाटे आणि इतके दिवस, तर त्याने रोज किती खावेत?" सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यापासून त्या हसण्याचाच राग येतोय. तिथे काही सुचलं नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबण लागणार आहे. घाई असेल त्यांनी लाइक ठोकून खुशाल पुढे जावं.

शाब्दिक उदाहरणं आहेत, मान्य. पण उत्तर चुकलं तर सोडवणाराच मरेल, असं उदाहरण त्या गृहस्थांना शाळेत कधी आलं होतं का? मंगळावर एकटा मागे राहिलेला मार्क वॉटनी पाणी कसं मिळवतो ते आठवा. यानाचं उरलेलं हायड्राझीन इंधन घ्यायचं, इरिडियम धातूवरून सोडून त्याचा नायट्रोजन आणि हायड्रोजन करायचा आणि तो हायड्रोजन जाळायचा. तोही राहत्या तंबूत! मग व्हायचं तेच होतं. स्फोट. कारण आपल्या उच्छ्वासातून बाहेर पडणारा ऑक्सिजन त्याने हिशेबात धरलेलाच नसतो.

हे प्रकरण मी बाबांना वाचून दाखवत होते. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, वाचायला आणि टीव्हीला बंदी, त्यामुळे चिडचिड चालू होती. बाबा कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. आयुष्यात त्यांनी कादंबरी हातात धरली नाही. "खोट्या माणसांची दुःखं कशाला वाचायची?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मी इंग्रजी वाचायचे आणि तिथल्या तिथे मराठीत सांगायचे, शिव्या गाळून. पुस्तक सुरूच शिवीने होतं, तेव्हा पहिल्या ओळीलाच अडखळले होते.

स्फोटाशी आलो तसे बाबा उठून बसले. "थांब. परत वाच." परत वाचलं. ते म्हणाले, "हा काम केलेला माणूस आहे. असली चूक काम करणाऱ्याच्याच हातून होते." पुढे दोन दिवस माझी सुटका नव्हती. 1997 साली मंगळावर उतरलेलं नासाचं पाथफाइंडर यान वॉटनी वाळूतून उकरून काढतो आणि त्याच्या फिरत्या कॅमेऱ्याने पृथ्वीशी बोलतो. सगळी अक्षरं गोलात मांडली तर कॅमेरा नेमका कुठल्या पाटीकडे वळलाय ते कळणार नाही, म्हणून फक्त सोळा चिन्हांची षोडशमान पद्धत वापरतो, दोन चिन्हं मिळून एक अक्षर. बाबांनी अंथरुणावर बोटाने गोल काढून कोन मोजले. ज्यांना यात साहित्य दिसत नाही त्यांनी एकदा तरी आपल्या बापाला असं बोटाने कोन मोजताना बघावं.

आता माझ्याच बाजूच्या लोकांकडे वळते, कारण तेही काही कमी डोकं फिरवत नाहीत. ज्या वादळामुळे हा माणूस मंगळावर अडकतो, ते वादळच मुळात खोटं आहे. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मंगळावर हवा किती?" म्हटलं, पृथ्वीच्या एक टक्क्यापेक्षाही कमी दाबाची. "मग वारा ढकलणार कशाने?" पुस्तकात वाऱ्याचा वेग ताशी 175 किलोमीटर आहे. एवढ्या विरळ हवेत त्याचा धक्का आपल्याकडच्या ताशी वीस-बावीस किलोमीटरच्या वाऱ्याएवढा. त्याने केस विस्कटतील, यान कलंडणार नाही. ही सूट जाणूनबुजून घेतली, पहिला ठोसा निसर्गाचा हवा होता, हे विअरनेही कबूल केलंय. तरी चाहत्यांना सांगून बघा, अंगावर येतात. अरे, एकेक कॅलरी मोजणाऱ्या पुस्तकाचं पहिलंच पान थापेवर उभं असेल तर बोलायचं नाही? विअरने ही कादंबरी आधी स्वतःच्या वेबसाइटवर प्रकरणाप्रकरणाने फुकट टाकली होती. वाचक चुका कळवायचे, तो सुधारायचा. 2011 मध्ये स्वतःच ई-बुक काढलं, 2014 मध्ये मोठ्या प्रकाशकाने छापलं. इतक्या हातांतून गेलं, वादळ जागच्या जागी. असो, वादळ नसतं तर गोष्टच नसती, एवढं मी सोडून देते.

बोलण्याचं मात्र नाही सोडणार. वॉटनी विनोदी आहे, ठीक. पण नासातले लोकही तसेच बोलतात, यानातले सहकारीही तसेच. कमांडर लुइसला सत्तरच्या दशकातल्या डिस्कोचं वेड आहे, म्हणून ती निदान लक्षात राहते. बाकीच्यांची नावं झाकली तर कोण बोलतंय ते सांगून दाखवा.

आणि एक, जे मी आज त्या गृहस्थांसमोर मुद्दाम बोलले नाही, कारण त्यांना आयतं कोलीत मिळालं असतं. तिसऱ्या रात्री बाबा म्हणाले, "दिवसाचं सगळं सांगतो गं हा. रात्रीचं का नाही सांगत?"

खरंच नाही सांगत. दीड वर्षाहून जास्त काळ अख्ख्या ग्रहावर एकटा, आणि कोसळतो तो ओळ-दोन ओळी, की लगेच पुढचा विनोद. मी म्हटलं, "हाच दोष आहे बाबा पुस्तकाचा." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तसं नाही. मी लिफ्टमध्ये अडकलो होतो ना एकदा."

मला माहीतच नव्हतं. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. रात्रपाळी, मालवाहू लिफ्ट, वीज गेलेली, सात तास. "काय केलंत?" "रिव्हेट मोजले. अंधारात, हाताने चाचपत. संपले की परत पहिल्यापासून. भीती वाटायला लागली की माणूस मोजतो." मग जरा थांबून, "रडलो घरी येऊन. बूट काढायला बसलो तेव्हा. तुझ्या आईला कळलं नाही."

शेवटचं पान वाचलं तेव्हा वॉटनी सुटकेच्या यानात असतो, बरगड्या मोडलेल्या, आणि आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस म्हणतो. मी पुस्तक मिटलं. बाबांनी विचारलं, "घरी कधी जातो?"

"घरी नाही जात. इथेच संपतं."

"म्हणजे बूट काढायच्या आधीच संपवलं की लेखकाने."

या कादंबरीवरच्या सिनेमाने वॉटनीला शेवटी पृथ्वीवर आणून वर्गात उभं केलं, पण तिथेही त्याने विनोदच केला.

मघाशी, हे लिहिता लिहिता, बाबांना फोन केला. आठवतं का म्हटलं, ते रिव्हेट किती होते? एक क्षणही न थांबता म्हणाले, "112. दोन ढिले होते. दुसऱ्या दिवशी बदलले."