आत्तीच्या डब्यातले हिरवे खडे

‘पोट वारंवार दुखतंय? डॉक्टरकडे धावू नका!’ या मथळ्याचा मेसेज दिवाळीपासून आमच्या सांगलीकडच्या सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय. मी दोनदा न वाचता पुसला. तासगावच्या आत्तीनं मात्र वाचला, वहीत उतरवला आणि करूनही बघितला. तेव्हा आता चिडून लिहितेय, ते समजून घ्या.

मेसेजचं म्हणणं असं. वारंवार पोट दुखणं म्हणजे पित्ताशयात खडे. पाच दिवस रोज चार ग्लास सफरचंदाचा रस प्या. सहाव्या दिवशी रात्री जेवू नका. सहाला आणि आठला एप्सम सॉल्टचं पाणी, दहाला अर्धा कप ऑलिव्ह तेल आणि तेवढाच लिंबाचा रस. सकाळी हिरवे खडे आपोआप पडतात. शिवाय बेंबी सरकली असेल तर चोळून घ्या, ओवा खा, पोरांचं पोट दुखणं म्हणजे शाळेचा कंटाळा, आणि सोनोग्राफी म्हणजे नुसता धंदा.

आधी खड्यांचं बघू. आत्तीचा फोन आला, “खडं पडलं बघ! बेचाळीस मोजलं.” मी गेले तर फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात धुऊन ठेवलेल्या हिरव्या गोळ्या. काही वाटाण्याएवढ्या, एक-दोन सुपारीएवढ्या. पित्ताची मुख्य नळी असते सहा-सात मिलिमीटर रुंद. त्यातनं सुपारी गेली आणि आत्तीला कळलंसुद्धा नाही? खरा बारीक खडा जरी त्या नळीत अडकला तरी माणूस गडाबडा लोळतो. मी एक गोळी वाटीत घेतली आणि वाटी कढत पाण्यावर धरली. चहा उकळायच्या आत तिचं हिरवं तेल झालं.

हे माझंच डोकं नव्हे. २००५ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात न्यूझीलंडच्या दोघांनी अशाच एका बाईची हकिकत छापली आहे. चाळीस वर्षांची, तेलकट खाल्लं की उजव्या बरगडीखाली दुखायचं. तिनं ६०० मिलिलिटर ऑलिव्ह तेल आणि ३०० मिलिलिटर लिंबाचा रस प्यायला, आणि तिनंही गोळ्या फ्रीजरमध्ये जपल्या होत्या. तपासल्यावर त्यात ना कोलेस्टेरॉल, ना बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य), ना कॅल्शियम, म्हणजे खरे खडे ज्यांचे बनतात त्यातलं काहीच नाही. ४० अंशाला दहा मिनिटांत वितळल्या. एप्रिलमधल्या दुपारी आपल्या सांगलीत गच्चीवर ठेवल्या असत्या तरी तेच झालं असतं. प्यायलेल्या तेलाचा पोटातल्या रसांशी मिळून झालेला तो साबण होता. तिचे खरे खडे सोनोग्राफीत जिथल्या तिथं होते, ते दुर्बिणीच्या ऑपरेशननं काढले.

आणि ते एप्सम सॉल्ट! दुकानात मिळेना म्हणून चुलतभावानं घरातल्या पोत्यातलं काढून दिलं. द्राक्षबागेला ड्रिपमधनं सोडतो ते मॅग्नेशियम सल्फेट. वस्तू तीच, पण खताच्या प्रतीची, माणसाच्या पोटासाठी नव्हे. औषधाच्या प्रतीचंसुद्धा जबर जुलाब करतं, आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांच्या रक्तात मॅग्नेशियम साठून जिवावर बेततं. आत्तीला तेरा वर्षांची शुगर, आणि शुगरनं मूत्रपिंडच कमजोर होऊ शकतं. मेसेजात याबद्दल चकार शब्द नाही.

साबण पडला म्हणून कुणी मरत नाही म्हणा. पण ‘खडे गेले’ या खात्रीनं आत्तीनं पुढच्या दोन कळा अंगावर काढल्या. तिसरी आली पाहुण्यांच्या लग्नात जेवल्यावर, उलट्या, थंडी-ताप आणि पिवळे डोळे घेऊन. खडा नळीत उतरला होता. रात्री मिरजेला नेलं.

बाकीचे मुद्दे भराभर. ओवा-हिंगानं गॅसला बरं वाटतं, खुशाल खा. बेंबी सरकत नाही. अपेंडिक्सचं दुखणं मात्र पुष्कळदा बेंबीभोवतीच सुरू होतं आणि काही तासांत उजवीकडं खाली जातं, म्हणून तिथं चोळत बसू नका. पोरांच्या बाबतीत अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळांतल्या हजार मुलांची १९५८ साली छापलेली पाहणी आहे. दहातल्या साधारण एकाचं पोट वारंवार दुखायचं आणि बहुतेकांत शरीराचा आजार सापडला नाही. पण दुखणं खोटं नव्हतं. दुखरी जागा बेंबीपासून जितकी लांब, तितका आजाराचा संशय जास्त. मूल वाढत नसेल किंवा दुखण्यानं झोपेतून उठत असेल तर दाखवाच.

सोनोग्राफीचा धंदा? काही ठिकाणी होतो, नाही कशाला म्हणू. आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले, त्रास काहीच नाही, तर ऑपरेशन सहसा लागत नाही, हेही खरं. पण कळा येतात त्याला हे लागू नाही.

मग जायचं कधी? वजन आपोआप उतरतंय, घास गिळताना अडकतोय, पन्नाशीनंतर दुखणं नव्यानं लागलंय किंवा महिन्यात तीन-चारदा येतंय, तर त्याच आठवड्यात. डांबरासारखी काळी शी, रक्ताची उलटी, पिवळे डोळे, तापासह कळ, लाकडासारखं कडक पोट, दिवस गेलेल्या बाईचं दुखणं, तर त्याच तासाला. आणि बेंबीच्या वर दुखतंय, घाम फुटलाय, दम लागतोय, तर सोडा पाजून ‘गॅस आहे’ म्हणू नका, आधी ईसीजी काढा. शुगरवाल्यांच्या हार्ट अटॅकला छातीत कळ असतेच असं नाही.

आत्ती आता बरी आहे. तिचे खरे खडे डॉक्टरांनी बाटलीत घालून दिले, पिवळट-तपकिरी, खडखड वाजणारे. कढत पाण्यात घातले, ढिम्म. हिरव्या गोळ्यांचा डबा मात्र ती टाकू देत नाही. “आठशे रुपयांचं तेल हाय त्यात,” म्हणते.