माइटनर यांच्या श्रेयाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

अणुविखंडनाच्या, म्हणजे अणूचे केंद्रक दुभंगण्याच्या, शोधाचे श्रेय ओटो हान यांनी ‘लाटले’, असे मी भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर यांच्यावरील लेखात लिहिले होते. त्यावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत : या शोधाचा निर्णायक प्रयोग डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनला रसायनशास्त्रज्ञ हान आणि त्यांचे कनिष्ठ सहकारी फ्रिट्झ स्ट्रासमान यांनी केला, तेव्हा माइटनर स्वीडनमध्ये होत्या, त्यांना जर्मनीतून पळावे लागले ते ज्यू वंशामुळे, स्त्री असल्यामुळे नव्हे, आणि नोबेल तर स्ट्रासमान यांनाही मिळाले नाही.

हान यांनी श्रेय ‘लाटले’, हा माझा शब्द चुकलाच. १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्या हान यांना देण्याचा निर्णय स्वीडनच्या रॉयल विज्ञान अकादमीचा होता, आणि जानेवारी १९३९ मध्ये जर्मनीत छापल्या जाणाऱ्या निबंधावर परागंदा ज्यू सहकाऱ्याचे नाव घालणे हान यांना जवळजवळ अशक्य होते. आपला दुसरा आक्षेपही मला मान्य आहे.

पहिला मात्र नाही. १९३४ साली युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा करून पाहण्याचे हे काम हाती घेऊ या म्हणून हान यांच्या मागे लागल्या त्या माइटनर. नोव्हेंबर १९३८ मध्ये कोपनहेगनला हान यांची गुपचूप भेट झाली, तेव्हा ‘रेडियम’ म्हणून जे मिळाले ते पुन्हा नीट तपासा, असा आग्रह धरला तोही त्यांनीच. आणि तपासणीत रेडियमऐवजी बेरियम, म्हणजे युरेनियमहून बरेच हलके मूलद्रव्य, हाती आल्यावर हान यांनी पत्राने उलगडा विचारला तो त्यांनाच. नाताळच्या सुट्टीत भाचा ओटो फ्रिश याच्याबरोबर बर्फातून फिरताना त्या एका ओंडक्यावर बसल्या, कागदाच्या चिटोऱ्यांवर आकडेमोड केली आणि केंद्रक दुभंगताना सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते, हे ताडले. प्रयोगाच्या दिवशी खोलीत कोण होते, एवढ्यावरच शोध कोणाचा हे ठरवायचे का?

आता श्रेय नाकारले जाण्याशी स्त्री असण्याचा संबंध. १९०७ साली त्या बर्लिनला आल्या तेव्हा रसायनसंस्थेच्या वरच्या प्रयोगशाळांत बायकांना मज्जाव होता, म्हणून त्यांना तळघरातली सुतारकामाची खोली मिळाली, तीही वेगळ्या दाराची. (पुढे अध्यापनाचा अधिकार मिळाल्यावर त्यांनी वैश्विक भौतिकीवर व्याख्यान दिले; वृत्तपत्राने विषय छापला तो ‘कॉस्मेटिक’ भौतिकी!) हान यांच्या बरोबरीच्या विभागप्रमुख झाल्यावरही लोकांच्या नजरेत त्या हान यांच्या मदतनीसच राहिल्या. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये या प्रयोगाची साधने एका टेबलावर मांडलेली आहेत. त्यांतली बरीचशी माइटनर यांच्या भौतिकी विभागातली, पण कित्येक वर्षे टेबलावर नाव होते एकट्या हान यांचे. ही पाटी युद्धानंतरची आहे, तेव्हा नाझींची भीती हे कारण तिला लागू पडत नाही.

स्ट्रासमान यांच्यावर अन्याय झाला, हे खरे. कनिष्ठांचे श्रेय वरिष्ठांच्या खात्यावर जमा होण्याची रीत जुनीच आहे. पण माइटनर कनिष्ठ नव्हत्या, आणि या कामाच्या बौद्धिक नेत्या त्याच होत्या, असे पुढे स्वतः स्ट्रासमान यांनीच सांगितले. १९६६ चा एन्रिको फर्मी पुरस्कार अमेरिकेने तिघांनाही दिला, म्हणजे श्रेय वाटून देण्यात काही तांत्रिक अडचण नव्हती.

मूळ लेखातील वाक्य आज बदलले आहे. ‘हान यांनी श्रेय लाटले’ याऐवजी आता तेथे ‘नोबेल समितीने माइटनर यांना वगळले, आणि युद्धानंतरही हान यांनी या शोधातला भौतिकीचा वाटा मोकळेपणाने मान्य केला नाही’ असे आहे. यातला उत्तरार्ध मी आपल्या आक्षेपानंतरही ठेवला आहे.